सॉफ्टवेअर बदललं, मागची शिल्लक कुठं गेली?

परभणीच्या मोंढ्यात आडतीचं दुकान असलेले एक काका माझ्याकडं दोन कागद घेऊन आले. एकावर छापलेलं होतं 'आकारणी वर्ष २०२६-२७', दुसऱ्यावर 'कर वर्ष २०२६-२७'. पहिला कागद यंदाच्या रिटर्नचा. दुसरा आगाऊ कराच्या हिशेबाचा, मुलानं नव्या ॲपमधून काढून दिलेला. "एकाच सालाचा टॅक्स दोनदा भरायचा का हो?" काकांनी विचारलं.

प्रश्न बिनतोड होता. १९६१ च्या आयकर कायद्यात कमाईचं वर्ष आणि आकारणीचं वर्ष वेगवेगळं असतं. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात जे कमावलं त्याची आकारणी पुढच्या वर्षी होते, म्हणून त्याला म्हणायचं आकारणी वर्ष २०२६-२७. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यानं हा दुहेरी घोळ मोडून एकच शब्द ठेवला, कर वर्ष. एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ म्हणजे कर वर्ष २०२६-२७. आकडे तेच दिसतात, महिने मात्र सगळे वेगळे. यंदा आपण जे रिटर्न भरतोय ते जुन्याच कायद्याखालचं आहे. 'कर वर्ष' हा शब्द रिटर्नवर दिसेल तो पुढच्या खेपेला.

काकांचं शंकानिरसन पाच मिनिटांत झालं. खरी गोम नंतर सापडली. मुलानं ॲप बदललं होतं आणि नव्या ॲपमध्ये तीन वर्षांपूर्वीचा धंद्यातला तोटा कुठंच नव्हता. नाव होतं, पत्ता होता, बँकेचा खातेक्रमांकही बरोबर होता. तोट्याचा रकाना कोरा.

रिटर्नच्या हंगामात असे चार-सहा लोक तरी येतात. कुणाला जुनं सॉफ्टवेअर महाग वाटतं, कुणी सीए बदललेला असतो, कुणाच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपलेली असते. कर सल्लागारांच्या टेबलावर विनमन, जीनियस, कॉम्प्युटॅक्स अशी सॉफ्टवेअर असतात. स्वतः भरणारे क्लिअरटॅक्स, क्विको वापरतात, नाहीतर थेट आयकर विभागाच्या पोर्टलवर बसतात. एकातून दुसऱ्यात जाताना 'मागच्या वर्षीची माहिती आयात करा' असं बटण दिसतं, आपण ते दाबतो आणि काम झालं असं समजतो.

मागची शिल्लक म्हणजे काय काय

आपल्याकडं पाडव्याला सालगड्याचा हिशेब होतो. सालभरात घेतलेली उचल, खाडे, राहिलेले पैसे हे सगळं मांडून जी बाकी उरते ती नव्या सालात जाते. गडी मालक बदलणार असेल तरी बाकी पुसली जात नाही, नवा मालक आधी तीच विचारतो.

रिटर्नचंही तसंच. बहुतेक आकडे त्या-त्या वर्षापुरते असतात. पगार, व्याज, भाडं दरवर्षी नव्यानं लिहायचं. काही आकडे मात्र वर्षाची शीव ओलांडून पुढं येतात. त्यातला मोठा म्हणजे तोटा. धंद्यातला तोटा ८ वर्षं पुढं नेता येतो. भांडवली तोटा, म्हणजे शेअर, प्लॉट वगैरे विकताना बसलेली खोट, तोही ८ वर्षं. शेअर बाजारात त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकण्यातला तोटा कायद्याच्या भाषेत सट्ट्याचा, तो ४ वर्षंच चालतो. फ्युचर्स-ऑप्शन्समधला तोटा मात्र सट्ट्यात धरत नाहीत, तो साधा धंद्याचा तोटा आणि त्याला ८ वर्षं. वाळूजच्या कंपनीत नोकरी करून मोबाईलवर ऑप्शन्स खेळणाऱ्या पोरांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण सॉफ्टवेअर बदलताना एकाचा तोटा दुसऱ्याच्या रकान्यात पडला की ८ वर्षांची चार होतात.

दुसरा आकडा घसाऱ्याचा. वस्तू वापरून झिजते, ती झीज दरवर्षी खर्चात धरायची, हा घसारा. समजा सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानाचा माल न्यायला १० लाखांचा टेम्पो घेतला. दर १५ टक्के. पहिल्या वर्षी १,५०,००० घसारा गेला, राहिले ८,५०,०००. दुसऱ्या वर्षी त्यावर १,२७,५००, राहिले ७,२२,५००. यंदा घसारा मोजायचा तो या ७,२२,५०० वर, म्हणजे १,०८,३७५. आता नव्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो नव्यानं चढवताना कुणी बिल बघून १० लाख टाकले, तर घसारा पुन्हा १,५०,००० निघतो. ४१,६२५ रुपये जादा खर्च दाखवला गेला. आणि रकाना कोराच राहिला तर १,०८,३७५ चा हक्काचा खर्च गेला. संगणक दोन्ही वेळी कुरकुर करत नाही. त्याच्या दृष्टीनं बेरीज बरोबर असते.

तिसरी गोष्ट आकडा नाही, निर्णय आहे. करप्रणाली नवी की जुनी. पगारदाराला हा निर्णय दरवर्षी बदलता येतो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला तसं नाही. जुनी प्रणाली हवी तर मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, त्यातून नव्या प्रणालीत एकदा परत आलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडं जाता येत नाही. म्हणून रिटर्नमध्ये विचारतात, हा फॉर्म आधी कधी भरला होता का, त्याचा पोचक्रमांक काय, तारीख कोणती. नव्या सॉफ्टवेअरला तुमचा हा इतिहास ठाऊक नसतो. ते आपलं 'नाही' धरून पुढं जातं.

सातबारा आला, फेरफार राहिले

जुन्या नोंदींची किंमत मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. निझामकाळातल्या उर्दू आणि मोडी कागदांसाठी तहसीलच्या अभिलेखागारात किती लोकांनी किती चकरा मारल्या ते गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलंय. हातानं लिहिलेला सातबारा संगणकावर चढवताना कुणाचे गुंठे कमी झाले, कुणाच्या नावातला काना गेला, आणि जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचे अर्ज करत लोक अजून फिरतायत.

रिटर्नच्या बाबतीत सातबाऱ्याच्या जागी असते जेसन फाइल. पोर्टलला समजेल अशा ठरावीक साच्यात तुमचं रिटर्न भरलेली ही फाइल. २०२१ मध्ये विभागाचं नवं पोर्टल आलं तेव्हापासून हाच प्रकार चालतो, त्याआधी एक्सएमएल फाइल होती. कोणत्याही सॉफ्टवेअरमधून भरा, शेवटी पोर्टलवर जाते ती जेसनच. त्यामुळं ती कुठल्या एका कंपनीची मिरास नाही, आणि बरीच नवी सॉफ्टवेअर ती वाचून मागची माहिती उचलतात.

पण सातबारा म्हणजे आजची स्थिती. ती तशी का झाली हे फेरफारात असतं. जेसनमध्ये रिटर्नच्या फॉर्ममध्ये जेवढं विचारलं तेवढंच असतं, त्यामागचं कच्चं काम नसतं. घसाऱ्याचंच बघा. फॉर्ममध्ये टेम्पो, वजनकाटा, इन्व्हर्टर असं एकेक लिहीत नाहीत. एका दराच्या सगळ्या वस्तूंचा एकच गठ्ठा असतो, १५ टक्केवाला, १० टक्केवाला, ४० टक्केवाला. गठ्ठ्याची बेरीज जेसनमधून येईल. त्यात टेम्पो किती आणि काटा किती, ते जुन्या सॉफ्टवेअरच्या आतच राहतं.

त्याहून अवघड गोष्ट न विकलेल्या वस्तूंची. रिटर्नमध्ये विकलेल्या शेअरचा हिशेब असतो. न विकलेला शेअर कितीला घेतला होता ते त्यात सहसा नसतं. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या, बाजारात नोंदलेल्या शेअरला त्या दिवशीचा भाव खरेदीकिंमत म्हणून धरण्याची सवलत आहे, पण त्यासाठीही मूळ खरेदीचा कागद लागतो. वडिलांनी १९८८ साली सिडकोत घेतलेला प्लॉट असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत लागते. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेलं घर किंवा जमीन आता विकली तर निवासी माणसाला दोन्ही हिशेब करून कमी कर निवडता येतो, खरेदीकिमतीत महागाई न धरता १२.५ टक्के किंवा महागाई धरून २० टक्के. २००१ च्या किमतीचं मूल्यांकन मागं कधी करून घेतलेलं असेल आणि ते सल्लागाराच्या जुन्या संगणकात पडून असेल, तर कुठलीही जेसन ते तुमच्याकडं आणणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की जुनं सॉफ्टवेअर बंद व्हायच्या आधी त्यातून तीन कागद छापून घ्या. वस्तूनिहाय घसाऱ्याचा तक्ता, शेअर-फंडांचा शिल्लक साठा खरेदीच्या तारखांसह, आणि उत्पन्नाची पूर्ण आकडेमोड, ज्याला सगळे 'कॉम्प्युटेशन' म्हणतात. पीडीएफ चालेल. कागदावर असेल तर अधिक बरं. वीज गेली तरी तो वाचता येतो.

"पोर्टलवर सगळं आपोआप येतं की!"

येतं, पण कसलं ते बघा. रिटर्न उघडलं की आधीच भरलेली माहिती दिसते, तिला प्रीफिल म्हणतात. नाव, आधार, बँक, मालकानं कापलेला टीडीएस, बँकेनं कळवलेलं व्याज. एआयएस नावाचा एक तक्ताही असतो, त्यात वर्षभरात तुमच्या पॅनवर लोकांनी काय-काय कळवलं ते सगळं मिळतं. (त्याची पीडीएफ उघडत नाही म्हणून दर हंगामात फोन येतात. पासवर्ड म्हणून पॅन लहान अक्षरांत लिहायचा आणि त्याला लागून जन्मतारीख, मध्ये जागा सोडायची नाही.)

आता विचार करा, ही माहिती दिली कुणी? इतरांनी, तुमच्याबद्दल. बँकेला तुमचं व्याज माहीत असतं, टेम्पो किती झिजला ते नाही. काकांच्या ॲपनं हीच प्रीफिलची फाइल उचलली होती आणि वर मथळा दिला होता 'मागील माहिती आयात झाली'. मुलाची यात चूक म्हणवत नाही. मथळाच फसवा होता.

मग बदलायचं कसं

मी जे करतो ते सांगतो. पोर्टलवर लॉगिन करून ई-फाइलच्या यादीत भरलेली जुनी रिटर्न बघायची सोय आहे. तिथून प्रत्येक वर्षाची जेसन, रिटर्नची पीडीएफ आणि पोच उतरवून घ्यायची. फक्त गेल्या वर्षाची नाही, जितकी मागची मिळतील तितकी, निदान ८ वर्षांची. सोबत कलम १४३(१) ची सूचना असते, विभागानं तुमचं रिटर्न तपासून धाडलेला निकाल. तीही घ्यायची. तुम्ही २ लाखांचा तोटा दाखवला आणि विभागानं तो नाकारला असेल, तर पुढं न्यायला काही उरलेलंच नसतं, आणि ते तुमच्या रिटर्नमध्ये नाही, त्या सूचनेत लिहिलेलं असतं.

मग नव्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीफिल नव्हे, गेल्या वर्षी भरलेल्या रिटर्नची जेसन चढवायची. तीच फाइल यंदा पोर्टलवर धाडता मात्र येत नाही, कारण फॉर्मचे रकाने दरवर्षी बदलतात आणि फाइलचा साचाही. सॉफ्टवेअर जुन्या साच्यातून नव्यात ओतून घेतं, आणि सांडतं ते याच वेळी.

ओतून झालं की गेल्या वर्षीची पीडीएफ शेजारी ठेवून चार आकडे जुळवायचे. पुढं नेलेल्या तोट्याच्या तक्त्याला 'शेड्यूल सीएफएल' म्हणतात. गेल्या वर्षी त्याच्या शेवटी राहिलेली रक्कम यंदाच्या सुरुवातीला तंतोतंत आली पाहिजे, आणि ती ज्या वर्षाची त्याच वर्षासमोर. गेल्या वर्षीचा घसाऱ्याचा शेवटचा आकडा यंदाचा पहिला आकडा. करप्रणालीच्या फॉर्मची पोच. आणि बँकेचं खातं, कारण परतावा तिथंच येतो.

तोट्याच्या तक्त्यात एक तारखेचा रकाना आहे, तो लोक हलक्यात घेतात. ज्या वर्षी तोटा झाला त्या वर्षीचं रिटर्न कधी भरलं ती तारीख. धंद्याचा आणि भांडवली तोटा पुढं न्यायचा तर ते रिटर्न मुदतीत भरलेलं असावं लागतं. उशिरा भरलं असेल तर तोटा गेला. घराच्या उत्पन्नातला तोटा आणि न वापरला गेलेला घसारा यांना ही अट लागू नाही. आयात करताना ही तारीख पुष्कळदा कोरी येते. घाईत कुणीतरी मुदत टळल्यानंतरची तारीख टाकतं आणि चांगला शाबूत तोटा विभागाच्या नजरेत बाद होतो.

मी स्वतः एकदा याहून बावळट चूक केली होती. नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुने तोटे हातानं टाकताना कमाईच्या वर्षाचा आकडा आकारणी वर्षाच्या रकान्यात लिहिला. सगळे तोटे एक वर्ष म्हातारे झाले आणि सगळ्यात जुना आठव्या वर्षातून नवव्यात ढकलला जाऊन मेला. अशिलानंच ते पकडलं, मी नाही. पुढच्या वर्षी फॉर्मवर 'कर वर्ष' येईल तेव्हा ही चूक करायला आणखी वाव आहे.

"माझा तर फक्त पगार आहे"

मग तुमचं ओझं हलकं आहे. सहज नावाचा आयटीआर-१ भरणाऱ्यानं सॉफ्टवेअर बदललं तर बहुधा काही बिघडत नाही. दोन जागा तेवढ्या सांभाळा.

एक, थकबाकी. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हप्त्यांनी मिळाली. मागच्या वर्षांचा पगार एकदम हातात पडला की कर जास्त बसतो, त्यावर कलम ८९ ची सवलत आहे. पण ती घ्यायला रिटर्नआधी फॉर्म १०-ई भरावा लागतो आणि त्यात ज्या वर्षांची थकबाकी त्या प्रत्येक वर्षाचं करपात्र उत्पन्न लिहावं लागतं. थकबाकी २०१६-१७ ची असेल तर त्या वर्षाचं रिटर्न लागतं. किती मास्तरांकडं ते आहे?

दोन, शेती. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून ते लिहायचंच नाही असा एक समज आहे. ५,००० रुपयांपर्यंत असेल तर सहजमध्ये चालतं, त्यावर गेलं की दुसरा फॉर्म. बाकीचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर कराचा दर ठरवायला शेतीचं उत्पन्न मोजणीत येतं. ५ लाखांवर गेलं तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, पिनकोड, किती एकर, स्वतःची की भाड्याची, बागायत की कोरडवाहू, हे सगळं द्यावं लागतं. आणि हळदीला किंवा मोसंबीला एखाद्या वर्षी जबर फटका बसला, तर तो शेतीचा तोटाही ८ वर्षं पुढं नेता येतो, फक्त शेतीच्याच उत्पन्नातून वजा करायला. त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळा रकाना आहे. दुष्काळाच्या या मुलखात तो भरलेला मला फार क्वचित दिसतो.

नव्या कायद्यानं जुना तोटा बुडाला का?

नाही. १९६१ च्या कायद्याखाली साठलेला तोटा नव्या कायद्यात पुढं नेण्याची तरतूद आहे. वर्षांची मोजणी पहिल्यापासून सुरू होत नाही, जेवढी उरली तेवढीच. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळं सॉफ्टवेअर कंपन्यांना बरीच उठाठेव करावी लागणार आणि पुढच्या खेपेची आयात यंदापेक्षा किचकट असणार. बदलायचंच असेल तर ते यंदा, जुन्याच साच्यातून जुन्याच साच्यात, करून घेणं सोपं.

"जुना सल्लागार फाइल देत नाही"

तालुक्याच्या गावात मुख्य अडचण हीच. पोर्टलवर मोबाईल सल्लागाराचा, ईमेल सल्लागाराचा, पासवर्ड त्याच्याच वहीत. घर आपलं, किल्ली शेजाऱ्याकडं. सॉफ्टवेअरचं नंतर बघा, आधी आधारच्या ओटीपीवरून पासवर्ड नवा करा आणि मोबाईल-ईमेल स्वतःचा टाका. मग वर सांगितलेल्या जेसन तुम्हालाच उतरवता येतात, कुणाची मनधरणी नको. कच्चं काम मात्र त्याच्याकडंच मागावं लागेल. गोडीनं मागा, मागची फी बाकी असेल तर देऊन मागा.

ऑनलाइन ॲप वापरणार असाल तर ते आयकर विभागाकडं ई-रिटर्न मध्यस्थ म्हणून नोंदलेलं आहे का, एवढं पाहून घ्या.

चुकलंच तर

रिटर्न भरून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं, म्हणजे ते आपणच भरल्याची ऑनलाइन खात्री द्यायची. आकडे पुन्हा जुळवायला तेवढे दिवस हातात असतात. नंतर लक्षात आलं तरी मुदतीत सुधारित रिटर्न भरता येतं. मुदत टळल्यावर मात्र अवघड होतं. आयटीआर-यू नावाचं अद्ययावत रिटर्न आता ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, पण ते जादा कर भरायला आहे, कर कमी करून घ्यायला नाही. आणि नफ्याच्या वर्षी वजा करायचा राहिलेला तोटा पुढच्या वर्षी करू, असंही म्हणता येत नाही.

काकांचं रिटर्न अजून धाडलेलं नव्हतं. पोर्टलवरून आकारणी वर्ष २०२३-२४ ची जेसन उतरवली, तोटा त्याच्या वर्षासमोर आला, पोचेवरची तारीख मुदतीच्या आतली निघाली. काकांनी पिशवीतून लाल चोपडी काढली, शेवटच्या पानावर ती तारीख आणि पोचक्रमांक स्वतःच्या हातानं उतरवला, आणि मुलाला म्हणाले, "आता तुझं ॲप काय बदलायचं ते बदल."